डोसाची पट्टी

गंगाखेडच्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात, देवळीमध्ये एक रिकामी काचेची बाटली बरीच वर्षं पडून होती. तिच्या एका अंगाला कागदाची पिवळी पडलेली उभी पट्टी चिकटवलेली होती आणि पट्टीच्या दोन्ही कडांना कात्रीने कापलेल्या खाचा होत्या, करवतीच्या दात्यांसारख्या. लहानपणी मला ती नक्षी वाटायची. आजीने एकदा उलगडा केला. "दवाखान्याला जाताना बाटली घरूनच न्यावी लागायची. कंपाउंडर तीत लाल औषध भरायचा, पट्टी डकवायचा आन् म्हणायचा, एका टायमाला एक घर. मला वाचता कुठं येत व्हतं? पर घरं मोजता येत व्हती की."

चाळिशी ओलांडलेल्या अनेक वाचकांना ही पट्टी आठवत असेल. कंपाउंडर कागदाची एक लांब पट्टी घेऊन तिच्या घड्या घालायचा, कोपरे कात्रीने उडवायचा आणि पट्टी उलगडली की समान अंतरावर खाचा तयार व्हायच्या. सहा डोस असतील तर सहा घरं. बाटलीच्या तळापासून औषधाच्या पातळीपर्यंत ती डिंकाने चिकटवली की झालं. यंत्र लागत नव्हतं, छपाई लागत नव्हती, खर्च शून्य.

या पट्टीचा मी आता विचार करतो तेव्हा तिची हुशारी लक्षात येते. ती एकाच वेळी तीन प्रश्नांची उत्तरं देत होती. एका वेळी किती घ्यायचं? एक घर. किती उरलं? दिसतंय समोर. आणि तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड: सकाळचं औषध घेतलं की राहिलं? औषधाची पातळी खालच्या खाचेवर आली असेल तर घेतलं. रोग्याच्या आठवणीवर काहीच सोपवलेलं नव्हतं. सून शेतातून आली की बाटलीकडे बघून सांगू शकायची की सासूने दुपारचा डोस चुकवला आहे. पट्टीत उणिवाही होत्या. आत काय आहे हे ती सांगत नसे. बाटली हलवली नाही तर गाळ तळाशी बसून शेवटचा डोस पहिल्यापेक्षा कडक होई. पण अक्षरओळख नसलेल्या माणसाला औषध नीट घेता यावं यासाठी आमच्या भागात माझ्या माहितीतली ही पहिली रचना, आणि ती कुण्या कारखान्याने केलेली नव्हती.

औषधांच्या शोधांचा इतिहास आपल्याकडे वाचायला मिळतो. शोधलेलं औषध रोग्याच्या पोटात वेळेवर आणि पुरतं कसं जाईल, याचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही. तो पाकिटांचा, खोक्यांचा, रंगांचा आणि बाणांचा इतिहास आहे. परभणीसारख्या जिल्ह्यात तो घराघरांतल्या फळ्यांवर आणि देवळ्यांत सापडतो.

रोगी घरी आला

या इतिहासातलं एक महत्त्वाचं वळण मद्रासला घडलं. क्षयरोग म्हणजे सॅनेटोरियम, मोकळी हवा, अंडी-दूध आणि महिनोन्महिने पलंगावर विश्रांती, ही तेव्हाची पक्की समजूत. १९५६ साली मद्रासच्या क्षयरोग केमोथेरपी केंद्रात एक तुलना सुरू झाली. रुग्णांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि दुसऱ्याला घरीच ठेवून औषधं दिली. घरचे रुग्ण गरीब वस्तीतले, दाटीवाटीने राहणारे, अपुरं खाणारे. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहून औषध घेणारे जवळपास तितकेच बरे होत होते आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे जास्त धोकाही नव्हता.

गरीब देशांसाठी ही मोठीच सुटका होती, कारण इतक्या खाटा कुठून आणणार होते? पण रोग्याबरोबर एक प्रश्नही घरी आला. सॅनेटोरियममध्ये नर्स गोळी देत होती. घरी कोण देणार? चार-सहा आठवड्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते आणि माणूस गोळ्या सोडतो. जंतू मात्र आत शिल्लक असतात. मद्रासच्या कामाशी जोडलेले डॉक्टर वॉलेस फॉक्स यांनी १९५८ सालीच या प्रश्नावर लिहिलं होतं. रुग्ण खोटं बोलतात असा त्यांचा आरोप नव्हता. माणूस बरा वाटू लागला की औषध विसरतो, इतकंच ते दाखवत होते. त्यांच्या केंद्रात लघवीची तपासणी होई आणि अचानक घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजल्या जात.

त्याच सुमारास अमेरिकेत थॉमस मोल्डिंग नावाच्या डॉक्टरांनी १९६२ मध्ये एक अजब कल्पना मांडली: गोळी कधी बाहेर काढली याची वेळ नोंदवणारी डबी. पुढे त्या डबीत किरणोत्सारी पदार्थाचा कण आणि फोटोची फिल्म वापरली गेली. गोळ्या नियमित काढल्या तर फिल्मवर एका तऱ्हेचे ठिपके उमटत, एकदम काढल्या तर वेगळ्या तऱ्हेचे. ही डबी घरोघरी पोहोचली नाही, पण पाकिटानेच रोग्यावर नजर ठेवावी ही कल्पना तेव्हापासूनची आहे. ती आपल्याला पुढे पुन्हा भेटेल.

वार छापलेल्या गोळ्या

गोळ्यांना दिवस जोडण्याची युक्ती मात्र रोग्यासाठी निघाली नाही. ती निघाली नवरा-बायकोच्या भांडणातून. अमेरिकेत १९६० साली गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली, तेव्हा ती साध्या बाटलीत सुट्या गोळ्यांच्या रूपात मिळत होती. वीस दिवस घ्यायची, मग थांबायचं, मग पुन्हा सुरू. इलिनॉय राज्यात राहणारे डेव्हिड वॅग्नर हे इंजिनिअर. चौथ्या मुलानंतर बायकोने गोळी सुरू केली आणि घरात रोजचा एकच वाद: आजची घेतली का? त्यांनी कागदावर वार लिहून प्रत्येक वारावर एक गोळी ठेवली. कागद पडला आणि गोळ्या पांगल्या. मग त्यांनी प्लास्टिकची फिरती गोल डबी बनवली आणि १९६२ साली पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्याच वर्षी एका कंपनीने तशा डबीतून गोळ्या बाजारात आणल्या. रिकामा खण दिसला की आजची घेतली. आजीच्या बाटलीवरच्या पट्टीचंच हे तर्कशास्त्र.

आपल्याकडे ही गोष्ट 'माला-डी' आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या 'माला-एन'च्या पाकिटात आली. पाकिटात अठ्ठावीस गोळ्या: एकवीस पांढऱ्या आणि सात तपकिरी. गोळ्यांचा क्रम बाणांनी दाखवलेला. शेवटच्या सात दिवसांत संप्रेरकांची गरज नसते, त्यामुळे त्या दिवसांत काहीच न देताही चाललं असतं. पण 'सात दिवस थांब आणि आठव्या दिवशी आठवणीने नवं पाकीट सुरू कर' हा हिशेब चुकायला सोपा. रोज एक गोळी, एक पाकीट संपलं की दुसरं, हा हिशेब कुणालाही जमतो. त्या सात रिकाम्या जागी आपल्याकडे लोहाच्या गोळ्या घातल्या गेल्या. ज्या देशात बायकांच्या अंगात रक्त कमी, तिथे नुसती सवय टिकवण्यासाठी असलेली जागाही कामाला लावली. पाकीट बनवणाऱ्याने ते कोणाच्या हातात पडणार आहे याचा विचार केला असला, की तो असा दिसतो.

न फोडता येणारी मोट

कुष्ठरोगाने या कलेला आणखी पुढे नेलं. महाराष्ट्राचा या रोगाशी जुना संबंध. वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन. अनेक वर्षं डॅप्सोन ही एकच गोळी दिली जात होती आणि तीसुद्धा कित्येकांना जन्मभर. पुढे जंतू त्या गोळीला दाद देईनासे झाले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने दोन-तीन औषधं एकत्र देण्याची शिफारस केली आणि १९८३ पासून भारताने राष्ट्रीय कार्यक्रमात ही बहुविध औषधपद्धती स्वीकारली.

इथे अडचण वेगळी होती. तीन औषधं वेगवेगळ्या पुड्यांत दिली, तर रोगी त्यातलं एखादं सोडतो. एकाने त्वचा काळवंडते म्हणून ते नको, दुसरं संपलं म्हणून राहिलं. आणि एकटं औषध चालू राहिलं की जंतूंना पुन्हा त्याची सवय होते. म्हणून अठ्ठावीस दिवसांचं एकच पाकीट केलं. जास्त जंतू असलेल्या प्रौढ रोग्याच्या पाकिटात पहिल्या दिवसाचा मोठा डोस वेगळ्या रांगेत: रिफाम्पिसिनच्या दोन, क्लोफाझिमिनच्या तीन आणि डॅप्सोनची एक. हा डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा. उरलेल्या सत्तावीस दिवसांच्या रोजच्या गोळ्या घरी. रोगाचा प्रकार आणि वय यांनुसार पाकिटांचे रंग वेगळे. म्हणजे औषध वाटणाऱ्याची चूकही रंगाने आधीच पकडली. एक औषध वगळायचं तर पाकिटात ते ठळक उरलेलं दिसणार. तिन्ही औषधांची मोट अशी बांधली की ती सहजासहजी सुटू नये.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांमागे एकाहून कमी झालं. श्रेय औषधांचं, गावोगाव फिरलेल्या कार्यकर्त्यांचं आणि त्यात वाटा या पाकिटाचाही. मात्र जे पाकीट रोग्याला चटकन ओळखू येतं, ते शेजाऱ्यालाही ओळखू येतं. महारोगाचं नाव काढलं तरी सोयरीक मोडायची, त्या दिवसांत असलं पाकीट फळीवर उघडं ठेवायला धाडस लागत होतं. आणि नजरेआड ठेवलेलं औषध विसरलं जातं.

नावाचा खोका

क्षयरोगासाठी १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम होता, पण रुग्ण मध्येच उपचार सोडत आणि केंद्रातली औषधंही मध्येच संपत. १९९३ मध्ये प्रायोगिक पातळीवर आणि १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर सुधारित कार्यक्रम सुरू झाला, ज्याला गावात सगळे 'डॉट्स' म्हणतात. मार्च २००६ पर्यंत तो देशभर पोहोचला. त्यातली मला सर्वांत आवडणारी वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचा खोका.

एका रुग्णाचा एक खोका. त्यात त्याच्या संपूर्ण उपचाराची औषधं. नव्या रुग्णाचा लाल, पुन्हा उपचार घेणाऱ्याचा निळा. खोक्यावर रुग्णाचं नाव लिहिलं की तो त्याचा झाला. पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा, एका वेळी सात गोळ्यांचं एक पाकीट, कुणाच्या तरी समोर घ्यायचं. नंतरचे चार महिने आठवड्याचं पाकीट: पहिला डोस समोर, बाकीचे घरी आणि पुढच्या आठवड्याला येताना रिकामं पाकीट परत आणायचं.

हे 'कुणीतरी' म्हणजे कधी अंगणवाडीताई, कधी शिक्षक, कधी किराणा दुकानदार आणि पुढे आशाताई. खोका तिच्या घरी असायचा. सरकारी कपाटात औषध आहे आणि रोग्याला नाही, असं होऊ नये यासाठी सहा महिन्यांचा साठा पहिल्या दिवशीच त्याच्या नावावर बाजूला काढलेला. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या नावावर निदान एक खोका होता.

रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते. ताई आधीच सांगायची, घाबरू नका, औषध लागू पडतंय. मद्रासच्या प्रयोगशाळेत जी तपासणी होत होती, ती अशी रोग्याला स्वतःच करता येऊ लागली.

सहा महिने इथे, सहा महिने तिथे

पण खोका एका ठिकाणी असतो. परभणी जिल्ह्यातली माणसं मात्र एका ठिकाणी नसतात. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागातल्या तांड्या-वस्त्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांवर जायचं आणि उन्हाळा लागता लागता परतायचं. म्हणजे साधारण सहा महिने. क्षयाचा उपचारही सहा महिने.

आता हा हिशेब मांडून बघा. ऑगस्टमध्ये निदान झालं. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन दोन किलो वाढलं. ऑक्टोबरमध्ये टोळी निघाली. खोका ताईच्या घरी. तो बरोबर द्यावा तर समोर कुणी नाही, आणि न द्यावा तर उपचार तुटला. बदलीचे कागद करून कारखान्याजवळच्या केंद्रातून औषध घेता येतं, पण पहाटे फडात जाणारा आणि रात्री गाडी भरणारा माणूस कुठल्या वेळी तिथे जाणार? उचल घेतलेल्या माणसाला सुट्टी परवडत नाही. आमच्या वाड्यावर कामाला येणारा एक गडी असाच गेला. परतला तो पुन्हा खोकत. त्याला मग निळा खोका लागला. कुणाचं चुकलं, असं मी तेव्हा विचारलं होतं. आज वाटतं, खोका ज्याने आखला त्याच्या डोळ्यांसमोर एका गावात राहणारा रोगी होता. आमच्याकडचा रोगी वर्षातून दोन गावांत राहतो.

२०१७ मध्ये पद्धत बदलली. एक दिवसाआडऐवजी रोज औषध आणि चार औषधं एकाच गोळीत. वजनानुसार गोळ्यांची संख्या कमी-जास्त. महाराष्ट्र हा बदल करणाऱ्या पहिल्या पाच राज्यांत होता. एका गोळीत चारही औषधं असल्याने एखादं वगळण्याचा प्रश्न मिटला. कुष्ठरोगात पाकिटाने जी मोट बांधली होती, ती आता गोळीतच बांधली गेली.

लपवलेला नंबर

रोज औषध म्हणजे रोज ताईकडे जाणं आलं, आणि ते अशक्य. त्यावर एक उपाय भारतातच निघाला: '९९डॉट्स'. गोळ्यांच्या पाकिटाभोवती छापील कागदाचं वेष्टण. गोळी दाबून बाहेर काढली की कागद फाटतो आणि मागे दडलेला फोन नंबर दिसतो. त्यावर फोन लावायचा, पैसे लागत नाहीत. कुठला नंबर निघणार हे आधी कळत नाही, म्हणून फोन आला म्हणजे गोळी निघाली, असा हिशेब. फोन आला नाही की आरोग्य कर्मचाऱ्याला कळतं. २०१५-१६ च्या सुमारास एचआयव्ही आणि क्षय दोन्ही असलेल्या रुग्णांपासून त्याची सुरुवात झाली. मोल्डिंग यांच्या फिल्मच्या डबीचं हे साधं, स्वस्त रूप. ऊसतोडीला गेलेला माणूसही फोन लावू शकतो, हा त्याचा मोठा गुण.

मग अभ्यासकांनी चेन्नई-मुंबईकडच्या रुग्णांच्या घरी न सांगता जाऊन लघवी तपासली. साठ वर्षांपूर्वी मद्रासमध्ये झाली होती तशीच. फोन आणि गोळी यांचा मेळ बऱ्याच ठिकाणी बसत नव्हता. काही जण गोळी घेत आणि फोन करत नसत. काहींचे फोन येत, गोळी घेतलेली नसे. घरात एक फोन, तो मुलाकडे, रेंज नाही, बॅटरी नाही. यात मला नवल वाटलं नाही. डोसाच्या पट्टीने आजीला सांगितलं होतं की तिचं औषध घेऊन झालं. या नंबराने ते दूरच्या कुणाला तरी सांगितलं. रोग्याला स्वतःला त्यातून नवं काय कळलं? पाकीट रोग्याची मदत करतं की त्याची हजेरी घेतं, हा प्रश्न रोग्यालाही पडतो, आणि हजेरी कशी चुकवायची हे आपल्याला शाळेपासून येतं.

कात्री

सरकारी कार्यक्रमांत निदान पाकिटाचा विचार झाला. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या, ज्या आज घरोघरी आहेत, त्यांच्या नशिबी तेही आलं नाही. त्या मेडिकलमधून येतात आणि त्यांच्यावर शेवटची कारागिरी करते ती दुकानदाराची कात्री. दहाची पट्टी, आपल्याला हव्यात सहा. कट. मुदतीची तारीख एका टोकाला छापलेली, ती दुकानात राहिली. नाव दुसऱ्या टोकाला, अर्धं तुटलं. जे उरलं ते चकाकत्या चंदेरी पत्र्यावर, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. २०१८ मध्ये नियम आला की औषधाचं मूळ नाव कंपनीच्या नावाहून दोन आकारांनी मोठं छापावं. चांगला नियम. पण २०११ च्या जनगणनेनुसार माझ्या जिल्ह्यात शंभरातल्या सव्वीसेकांना कुठलीच लिपी येत नव्हती, आणि उरलेल्यांतल्या कितींना ती इंग्रजी ओळ वाचता येत असेल?

आजीचं शेवटचं वर्ष या कात्रीशी जोडलेलं आहे. तिला रक्तदाबाची गोळी चालू होती. पाय घसरून पडली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी आपली चिठ्ठी दिली. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच औषध होतं, दोन कंपन्यांच्या दोन नावांनी. एक पट्टी हिरवट, एक चंदेरी. आजीने इमानेइतबारे दोन्ही घेतल्या, कारण रंग वेगळा म्हणजे औषध वेगळं, हे कुणीही समजेल. पायांवर सूज आली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. आम्ही म्हाताऱ्या माणसाचं व्हायचंच असं समजत राहिलो. तीन आठवड्यांनी पुण्याहून आलेल्या माझ्या आतेबहिणीने दोन्ही पट्ट्या उजेडात धरून वाचल्या. आजी त्यातून सावरली, पण तेव्हापासून गोळी म्हटलं की तिचा हात मागे यायचा.

अमेरिकेत डेबोरा ॲडलर नावाच्या डिझायनरच्या आजीने चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या होत्या. तिने औषधाची बाटलीच नव्याने आखली: सपाट अंग, औषधाचं नाव सगळ्यात वर आणि मोठं, घरातल्या प्रत्येक माणसाला वेगळ्या रंगाचं कडं. २००५ मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीने ती स्वीकारली. २०१५ मध्ये त्या साखळीने आपला औषधविभाग विकला आणि ती बाटली बंद झाली. लोकांना ती हवी होती, तरी. म्हणजे रचना चांगली असली की ती टिकते असं नाही. ती टिकवण्यात कुणाचं तरी हित असावं लागतं. सरकारला क्षयरोगी बरा व्हायला हवा होता, म्हणून खोका आला. माझ्या आजीने योग्य गोळी घ्यावी यात हित फक्त आमचं होतं.

म्हणून आम्ही आमच्यापुरती पट्टी केली. आतेबहिणीने चुरमुऱ्याच्या लाडवांच्या प्लास्टिक डब्यात पुठ्ठ्याचे कप्पे लावले. सकाळच्या कप्प्यावर सूर्य काढला, रात्रीच्या कप्प्यावर चंद्र. दर रविवारी माझी आई त्यात आठवड्याच्या गोळ्या भरायची. पहिल्या दिवशी आजीने डबा हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "ही तर आपली घरंच हायेत की. मंग इतके दिवस कामून केलं नव्हतं?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. कंपाउंडरला त्या पट्टीचे पैसे मिळत नव्हते. समोरच्या बाईला वाचता येत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं, आणि दोन मिनिटं खर्च करून तो कात्री चालवत होता. कात्री आजही दुकानात आहे. तिचं काम तेवढं बदललं.